अहवालात ‘सर्वात जवळची वस्ती’ १.४ किमीवर, आमची वडार टोली ३०० मीटरवर. जनसुनावणीत हे कसं मांडू?

पांदणवाट

नमस्कार. मी वर्धा नदीच्या खोऱ्यातल्या एका ग्रामपंचायतीत संगणक परिचालक आहे. दाखले काढते, घरपट्टीच्या पावत्या फाडते, नमुना ८ ची, म्हणजे घरांच्या कर आकारणीची नोंद सांभाळते. गावात कोणाचं घर कुठे आहे हे मला तोंडपाठ आहे, म्हणूनच हा प्रश्न डोक्यातून जात नाही. गावाचं आणि कारखान्याचं नाव लिहीत नाही.

गावाच्या उगवतीला जुनी गिट्टी खदान आहे, काळ्या दगडाची. ती बंद पडल्यावर शेजारच्या कारखान्याने जागा घेतली आणि २००९ पासून तिथे आपला घातक कचरा पुरतो आहे. सांडपाण्याचा गाळ, भट्टीची धूळ असलं सगळं. आता कारखाना वाढतोय, म्हणजे खड्डाही वाढणार. जनसुनावणीची जाहिरात पेपरात आली. पर्यावरण अहवालाचा मराठी सारांश पंचायतीत आला, तो मीच आवक रजिस्टरला चढवला आणि रात्री घरी नेऊन वाचला.

त्यात एक वाक्य आहे: प्रकल्पापासून सर्वात जवळची वस्ती १.४ किलोमीटरवर. हे माप गावठाणातल्या मारुतीच्या पारापर्यंतचं आहे. मध्ये वडार टोली लागते, तिचं नावच नाही. टोलीत ६४ घरं आहेत. खदानीत दगड फोडायला आणलेली माणसं. खदान बंद पडली, माणसं राहिली. कारखान्याच्या कुंपणापासून टोलीचं पहिलं घर मी मोबाइलच्या नकाशावर मोजलं, ३१० मीटर भरलं. टोलीच्या खाली नाल्याच्या काठाने बौद्धपुरा, तो साधारण ८०० मीटर. खड्ड्याकडून गावात चालत आलात तर आधी वडार, मग बौद्ध, मग बाकीचं गाव.

परवा नोंदी पडताळायला टोलीत गेले होते. एका घराच्या दारात निळा प्लास्टिकचा ड्रम होता, प्यायच्या पाण्याचा. तोंडाला स्वच्छ धुतलेलं फडकं बांधलेलं. पोटावरचं लेबल खरवडून काढलंय, पण एक कोपरा राहून गेलाय: हातावर थेंब पडतोय आणि हात खाल्ला जातोय असं चित्र. घरातल्या बाईला विचारलं, तर म्हणाली भंगारवाल्याकडून अडीचशेला घेतला, राखेने चार वेळा घासला. मग तिने तांब्या घासून मला त्यातलंच पाणी दिलं. मी प्याले. नाही म्हणायची माझी हिंमत झाली नाही.

दुसरी गोष्ट. सारांशात लोकसंख्येचं एक पान आहे. दहा किलोमीटरच्या वर्तुळातली सगळी गावं एकत्र करून २०११ च्या जनगणनेवरून अनुसूचित जाती इतके टक्के, जमाती इतके टक्के, असे आकडे दिलेत. जिल्ह्यात असतात तसेच ते दिसतात, खटकण्यासारखं काही नाही. वडार समाज आपल्या राज्यात विमुक्त जातींत येतो, जनगणनेत त्यांचा वेगळा रकानाच नव्हता. त्यामुळे जी माणसं सगळ्यात जवळ राहतात, ती ना अंतरात आहेत ना टक्क्यांत.

मला सुनावणीत आरडाओरडा करायचा नाही. ही माणसं कागदावर यायला हवीत, एवढंच. ते कसं करायचं, कोणत्या कागदाला किती वजन असतं, हे कोणी सांगेल का?

जुनापटवारी

ताई, ३१ वर्षं तलाठी होतो. आपल्याकडे अजून लोक पटवारीच म्हणतात, तर तसंच समजा.

आधी एक सांगा, तुमचं गाव वर्धा नदीच्या कोणत्या काठाला? उगवतीचा काठ जुन्या मध्य प्रांतातला, मावळतीचा वऱ्हाडातला. नदी हीच हद्द होती आणि दोन्हीकडची जुनी कागदपत्रं वेगळी आहेत. उगवतीला असाल तर तहसीलच्या अभिलेख कक्षात गावाचं निस्तार पत्रक मागा. मावळतीला असाल तर ई-क्लास, म्हणजे गावच्या चराईच्या सरकारी जमिनीच्या नोंदी मागा.

का मागायचं ते सांगतो. गावची पडीक जमीन कोणत्या कामाला राखली, ते निस्तार पत्रकात लिहिलेलं असतं. चराई, मसणवट, खळं, बाजार आणि मेलेल्या ढोरांची कातडी सोलायची जागा. हा शेवटचा उपयोग महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमाच्या २२ व्या कलमात आजही छापलेला आहे. मी जेवढी पत्रकं हाताळली त्यात ही जागा बहुतेक करून उगवतीला, दलित वस्तीच्या अंगाला. पावसाळ्यात वारा मावळतीकडून येतो, वास गावावर येऊ नये म्हणून ही सोय. पुढे ढोरं सोलणं थांबलं, पण कागदावर जमीन ‘सरकारी, पडीक’ अशी मोकळी राहिली. खदानीला, उकिरड्याला, कारखान्याला जागा दाखवायची वेळ आली की साहेबांचं बोट नकाशावर तिथेच जाणार.

हे मी ऐकीव सांगत नाही. अशा एका जागेचा पंचनामा मी केला आहे. ‘सदर जागेत वस्ती नाही’ असं त्यात लिहिलं, कारण समोरची घरं अतिक्रमणात होती आणि अतिक्रमणाला वस्ती म्हणून लिहायची पद्धत नव्हती. चुलीचा धूर दिसत होता मला. खाली सही माझी आहे.

तुमच्याकडे आता काय आहे ते पाहा. नमुना ८ मध्ये टोलीच्या घरांची नोंद आणि घरपट्टीच्या पावत्या. त्याने मालकी सिद्ध होत नाही, पण माणूस तिथे राहतो आणि पंचायत त्याच्याकडून कर घेते हे सिद्ध होतं. सोबत मतदार यादीचा तो भाग, लाइट बिलं, अंगणवाडीच्या रजिस्टरमधली पोरांची संख्या. ग्रामसेवकाच्या सहीने फक्त संख्येचा दाखला घ्या, नावं कुठे देऊ नका. टोलीतल्या माणसाचं नाव अतिक्रमणाच्या यादीत जायला वेळ लागत नाही.

शिफ्टवाला

ताई, राग नका मानू, पण दुसरी बाजू बी सांगतो. मी दुसऱ्या जिल्ह्यात अशाच एका कारखान्यात गाळाच्या विभागात कामाले आहो, ११ वर्षं झाली.

लोकांले वाटते खड्डा म्हणजे उघडा उकिरडा. तसं नसते. खाली चिकणमाती दाबून बसवतात, तिच्यावर दीड मिलिमीटर जाडीचं एचडीपीई लायनर म्हणजे प्लास्टिकची चादर, त्याच्यावर लीचेट, म्हणजे कचऱ्यातून झिरपणारं पाणी, गोळा कराचे पाइप, आणि घातक कचऱ्याच्या खड्ड्यात असे दोन थर लागतात. गाळ तसाच नाही टाकत, सिमेंट-चुना मिसळून घट्ट करतात. वरून झाकण घालतात. हे नीट केलं तर नाल्यात सोडण्यापरीस हजारपट बरं. नाल्यात सोडणारे बी पाहिले आहेत मी, म्हणून सांगून राहिलो. कचरा तर निघणारच, कुठंतरी ठेवाच लागन.

अन् दुसरं. कारखाना आला, रस्ता झाला, हातांले काम भेटलं, तशी माणसं जवळ सरकतात. आमच्या इथं तसंच झालं. तुमची टोली आधीची का खड्डा आधीचा, हे पक्कं असल्याशिवाय बोलू नका, सुनावणीत पहिला प्रश्न तोच येईन. माझ्या घरी पाच माणसं याच पगारावर खातात, कारखाना बंद करा म्हणणाऱ्यांत मी नाही.

पांदणवाट

दादा, राग कशाचा. लायनरचं असं उलगडून कोणी सांगितलं नव्हतं. कारखाना बंद करा असं मी म्हणत नाही, माझा मामेभाऊ तिथेच गेटवर आहे.

आधी कोण, याचं उत्तर टोलीच्या हापशीवर आहे. ओटा बांधला तेव्हा ओल्या सिमेंटात कोणीतरी बोटाने १९९१ असं लिहिलं, ते अजून वाचता येतं. हापशी जिल्हा परिषदेने बसवली, म्हणजे तेव्हा तिथे वस्ती आहे हे सरकारला ठाऊक होतं. खड्डा २००९ चा. मी काल फोटो काढून ठेवला, मागे खदानीचा कडा दिसेल असा.

एक विचारते. तुम्ही म्हणता ती चादर आमच्या खड्ड्यात आहे की नाही, बाहेरच्या माणसाला कसं कळेल?

काळीकसदार

मी नागपूरच्या एका महाविद्यालयात पर्यावरणशास्त्र शिकवते. माहेर यवतमाळकडचं, त्यामुळे टोली, बेडा, पोड, तांडा हे वस्त्यांचे शब्द शासकीय अहवालात का सापडत नाहीत हे मला लहानपणापासून माहीत आहे.

तुमचा सगळा प्रश्न मोजायची रेघ कुठे ओढली इथे येऊन थांबतो. यावर अमेरिकेत मोठा वाद झाला. सुनावणीत तो सांगायची गरज नाही, पण तुमचं म्हणणं किती रास्त आहे हे तुम्हाला कळावं म्हणून लिहिते. १९७८ मध्ये नॉर्थ कॅरोलायना राज्यात पीसीबी हे विषारी रसायन असलेलं तेल टँकरमधून जवळपास २४० मैल रस्त्यांच्या कडेने सोडून दिलं गेलं. ती माती पुरायला सरकारने वॉरन काउंटीतलं ॲफ्टन निवडलं. काउंटी गरीब, बहुसंख्य लोक कृष्णवर्णीय, भूजल वर. १९८२ मध्ये लोक ट्रकांपुढे रस्त्यावर आडवे झाले, पाचशेच्या वर अटका झाल्या, तरी माती तिथेच पुरली गेली. २००० नंतर तीच माती उपसून स्वच्छ करावी लागली.

त्या आंदोलनानंतर मोजणी सुरू झाली. १९८३ मध्ये सरकारच्याच लेखापरीक्षण कार्यालयाने आग्नेयेच्या आठ राज्यांतल्या अशा चार जागा तपासल्या. तीन जागांभोवती कृष्णवर्णीय बहुसंख्य निघाले. १९८७ मध्ये युनायटेड चर्च ऑफ ख्राइस्ट या चर्चच्या वंशन्याय आयोगाने देशभर पिनकोडनिहाय पाहणी केली. घातक कचऱ्याची केंद्रं कुठे आहेत हे सांगायला उत्पन्नापेक्षाही वंश हा घटक जास्त जुळतो, असं त्यात दिसलं. मग १९९४ मध्ये दुसऱ्या संशोधकांनी पिनकोड सोडून जनगणनेचे छोटे विभाग घेतले, आणि तो फरक दिसेनासा झाला. बरीच वर्षं दोन्ही बाजू आपापले आकडे दाखवत राहिल्या.

गोम अशी होती की केंद्र ज्या विभागात आहे तेवढाच विभाग बाधित धरला जात होता. केंद्र विभागाच्या अगदी सीमेवर असेल तर रस्त्यापलीकडे राहणारी माणसं ‘अबाधित’ म्हणून मोजली जात. ते सोडून प्रत्यक्ष अंतर मोजायला घेतलं तेव्हा चित्र स्पष्ट झालं. २००७ च्या अहवालात ४१३ केंद्रं घेतली. ३ किलोमीटरच्या आत राहणाऱ्यांत गोरेतर ५६ टक्के, त्याबाहेर ३० टक्के.

आता तुमच्याकडे पाहा. दहा किलोमीटर त्रिज्येचं वर्तुळ म्हणजे ३१४ चौरस किलोमीटर. ५०० मीटरचं वर्तुळ एक चौरस किलोमीटरही भरत नाही. मोठं वर्तुळ चारशे पट आहे, त्यात ६४ घरं मिसळली की टक्का हलणारच नाही. कोणी खोटा आकडा लिहायची गरजच पडत नाही. म्हणून तुम्ही ५०० मीटर, १ किलोमीटर, ३ किलोमीटर अशी कडी करून प्रत्येक कड्यातली घरं मोजा.

५०० मीटर मुद्दाम म्हणते. घातक कचऱ्याच्या भरावासाठी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे जागा निवडीचे निकष आहेत. भराव ‘अधिसूचित’ वस्तीपासून किमान ५०० मीटर दूर हवा, असं त्यात आहे. जागा ठरल्यावर भोवती ५०० मीटर नवं बांधकाम होऊ द्यायचं नाही, असंही आहे. तुमची टोली गावठाणात नाही, म्हणून ‘अधिसूचित’ या शब्दात ती बसत नाही. सगळं याच एका शब्दावर अडलंय असं मला वाटतं. माणसाचं फुप्फुस गावठाणात आहे की ई-क्लासमध्ये, हे धुळीला कळत नाही!

पाण्याबद्दल सांभाळून बोला. तपासल्याशिवाय ‘पाणी विषारी झालं’ म्हणू नका. आपल्या भागात फ्लोराइड खडकातून येतं, नायट्रेट खतातून आणि उकिरड्यातून. ते जास्त निघालं म्हणून कारखान्याचा दोष सिद्ध होत नाही. शिसं, कॅडमियम, निकेल, क्रोमियम तपासून घ्या. नेहमीच्या तालुका पातळीवरच्या तपासणीत जड धातू बहुधा येत नाहीत, ते स्पष्ट मागावे लागतात. पिण्याच्या पाण्यात शिशाची मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम, एकूण क्रोमियमची ०.०५. नमुना टोलीच्या हापशीचा घ्या आणि खड्ड्याच्या वरच्या अंगाच्या एका विहिरीचाही घ्या, तुलनेशिवाय आकड्याला अर्थ नाही. बेसाल्टमध्ये पाणी भेगांमधून वाहतं. त्यामुळे नाल्याचा उतार ज्या दिशेला, भूजलही त्याच दिशेला जाईल असं गृहीत धरू नका.

चादर आहे की नाही, यासाठी खड्ड्याभोवतीच्या निरीक्षण विहिरींचे अहवाल माहिती अधिकारात प्रदूषण मंडळाकडे मागा. एका अर्जात एकच विषय, दीडशे शब्दांच्या आत, दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट.

आणि तो ड्रम. घातक रसायनांचे रिकामे ड्रम २०१६ च्या नियमांनुसार स्वतःच घातक कचरा आहेत. ते भंगारात जायलाच नकोत. सुनावणीची वाट पाहू नका, त्या घराला उद्याच दुसरं भांडं मिळायला हवं.

कोळसापट्टा

मी चंद्रपूर जिल्ह्यातला. दोन सुनावण्यांत बोललो आहे, दोन्ही खाणींच्या. थोडक्यात सांगतो.

लेखी निवेदन आधीच प्रदूषण मंडळाच्या कार्यालयात द्या, पोच घ्या. तोंडी बोलणं दोन-तीन मिनिटांत आटपायला लावतात, लेखी राहतं. सुनावणीला गणपूर्ती लागत नाही, चार माणसं आली तरी ती झाली असं धरतात. म्हणून ‘आम्ही बहिष्कार घालतो’ म्हणून घरी बसू नका, आम्ही पहिल्यांदा तेच केलं. चित्रीकरण होतं, त्याची प्रत मागा. शेवटी इतिवृत्त मराठीत वाचून दाखवायचं असतं, ते होईपर्यंत उठू नका. लोक जेवायला निघून जातात, तेव्हाच ते भराभर वाचतात.

बोलताना ‘अहवालाच्या अमुक पानावरचं वाक्य चूक आहे, ते दुरुस्त करा आणि अभ्यास पुन्हा करा’ असं म्हणा. आक्षेप नुसता नोंदवला तर कंपनी ‘नोंद घेतली’ असं उत्तर देऊन मोकळी होते. वाक्य चूक म्हटलं की त्यांना बरोबर की चूक ते लिहावं लागतं. पुढे मंजुरी मिळालीच तर हरित न्यायाधिकरणाच्या पुणे खंडपीठात ३० दिवसांत अपील करता येतं, तेव्हा हाच कागद लागतो.

आणि बोलायला टोलीतलं माणूस न्या. तुम्ही शिकलेल्या आहात, तुमचं ऐकतील, पण चित्रीकरणात ते माणूस दिसलं की ‘वस्ती नाही’ म्हणणं अवघड जातं.

पांदणवाट

सगळ्यांचे मनापासून आभार. पाच दिवसांत झालं ते लिहिते.

काका, आमचा काठ उगवतीचा. निस्तार पत्रक मिळालं. पान जीर्ण आहे, पण वाचता येतं. खदानीच्या गटात जुनी नोंद आहे, ढोरांची कातडी सोलायची जागा म्हणूनच. तुम्ही सांगितलं नसतं तर मी ते पान उलटून पुढे गेले असते. नक्कल काढली आहे. पंचनाम्याचं लिहिलंत, ते मी दोनदा वाचलं.

कडी मोजली. मोबाइलवर विश्वास नको म्हणून भूमापनवाल्यांकडची पन्नास मीटरची फीत मागून आणली. कुंपणाच्या खांबापाशी एक टोक टोलीतल्या आजीने धरलं, सत्तरीच्या आहेत, याच खदानीत सुतकी, म्हणजे दगड फोडायचा हातोडा, चालवलेली. सहा वेळा फीत सरकवली, २९४ मीटर भरलं. तुम्ही कशाला उन्हात, म्हटलं, तर म्हणाल्या, ‘माप घेताना हात हलू नाही, मले येते.’ आणि खरंच त्यांच्या बाजूचं टोक एकदाही सुटलं नाही.

५०० मीटरच्या आत ६४ घरं: ६१ वडार, ३ मातंग. एक किलोमीटरच्या आत आणखी ७८, सगळी बौद्ध. गावठाणातली १९० घरं एक किलोमीटरच्या बाहेर. प्रत्येक घरी विचारूनच मोजलं, नाव कुठेच लिहिलं नाही. दोन घरांनी नको म्हटलं होतं, त्यांना वाटलं घर पाडायला मोजतात. दुसऱ्या दिवशी आजी सोबत आल्या, तेव्हा हो म्हणाले.

जात मोजणार असं केंद्र सरकारने ३० एप्रिल २०२५ ला जाहीर केलं, तेव्हा पुढच्या जनगणनेत टोली दिसेल कदाचित. सुनावणीला मात्र जनगणनेपर्यंत थांबायला सवड नाही.

पाण्याचे दोन नमुने काल दिले. अर्ज टाकला. ड्रम ज्या बाईकडे होता तिला माझ्या घरची पितळी घागर दिली. ती घेईना, उसनी म्हणून घेतली. टोलीत असे अजून १३ ड्रम निघाले, त्यांचे फोटो लेबलच्या उरलेल्या तुकड्यांसकट निवेदनाला जोडले आहेत. बचत गटाच्या पैशातून कोठ्या घ्यायचं चाललंय, आठ घरांचं झालं, सहा राहिली.

सुनावणी येत्या मंगळवारी ११ वाजता, कारखान्याच्याच मैदानात मांडव टाकून. टोलीतल्या बायकांनी त्या दिवशीची रोजी पाडायची ठरवलं आहे. दोन ऑटो सांगून ठेवलेत. बोलणार आजी, मी शेजारी कागद घेऊन उभी राहणार. इतिवृत्त वाचून होईपर्यंत उठायचं नाही म्हणून भाकरी सोबत बांधून नेतो आहोत.